उपयुक्त गावकरी

"टिळेकर, या बाईच्या डोक्यावर पदर का नाही?"

पिसाळसाहेबांचं बोट माझ्या संगणकाच्या पडद्यावर टेकलं होतं. जेवणाच्या सुट्टीत साहेब केबिनबाहेर पडल्याची नोंद आमच्या केंद्राच्या इतिहासात नव्हती, म्हणून मी एका हाताशी डबा आणि दुसऱ्या हाताशी खेळ असा निर्धास्त बसलो होतो.

"साहेब, ती विहिरीचं पाणी ओढतेय. पदर राहत नाही."

"आणि हा?"

"तो कुंपण दुरुस्त करतोय."

"कोणी सांगितलं त्याला?"

"कोणी नाही. मोडलेलं दिसलं की आपणहून करतो."

साहेब त्या माणसाकडे बराच वेळ बघत राहिले. आपणहून काम करणारा माणूस त्यांना एवढ्या जवळून पहिल्यांदाच दिसत असावा.

या गोष्टीला चौदा वर्षं झाली. मी तेव्हा एका ग्रामविकास प्रशिक्षण केंद्रात आरेखक होतो. नकाशे काढायचे, हे माझं काम. सरपंच आणि ग्रामसेवक प्रशिक्षणाला यायचे, आदर्श गाव कसं असावं यावर साहेबांचं व्याख्यान ऐकायचे, मी काढलेला आदर्श गावाचा नकाशा बघायचे, जेवायचे आणि आपापल्या गावी परत जायचे. गावं होती तशीच राहायची. मागं दोन एकरांचं प्रात्यक्षिक शेत होतं. त्यात भाजीपाला उत्तम यायचा. तो कुठं जायचा हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण साहेबांची जीप शेताच्या बांधावरूनच वळायची.

माझी बायको शैला श्रीगोंद्याला शाळेत शिक्षिका. मी तिथून दीडशे किलोमीटरवर, केंद्राच्या एका खोलीच्या क्वार्टरमध्ये. नऊ वर्षं आमचा संसार शनिवार संध्याकाळच्या एसटीवर चालला होता. उरलेल्या संध्याकाळी करायचं काय? म्हणून एक जुना संगणक विकत घेतला, तर त्यात आधीचा मालक एक खेळ विसरून गेलेला. खेळात एक गाव होतं. आपण तिथं शेती करायची, घरं बांधायची. गावात माणसंही होती, पण ती दिवसभर नुसती हिंडायची, एकमेकांपाशी थांबून मान हलवायची आणि दिवस मावळला की घरात जाऊन झोपायची. आठवडाभर मी ते पाहिलं. दहा ते पाच ऑफिसात हेच, आणि घरी येऊन पुन्हा हेच.

तेव्हा मी पुस्तकं आणून शिकलो आणि त्या खेळाला एक मॉड तयार केला. मॉड म्हणजे मूळ खेळाला बाहेरून लावलेली जोड. ती लावली की खेळातली माणसं आपण लिहून दिलेल्या नियमानं वागतात. माझ्या नियमानं गावकरी कामाला लागले. कोणी नांगरायला लागला, कोणी पाणी शेंदायला, कोणी रात्रीचा पहारा द्यायला. चौकात एक फळा उभा केला, त्यावर दिवसभरात गावानं किती कामं उरकली ते आपोआप लिहिलं जायचं. दोन वर्षं लागली. मॉडला नाव दिलं 'उपयुक्त गावकरी'. माझ्या आयुष्यात मनापासून केलेली ही एकच गोष्ट, शैलाशी लग्न सोडलं तर.

"ऑफिसात खेळ खेळता म्हणून मेमो द्यायला हवा तुम्हाला," साहेब म्हणाले.

"द्या, साहेब."

"नको." ते जरा वाकले. "पेन ड्राइव्हवर द्या."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. मुंबईहून सचिव सुखटणकर मॅडम केंद्राच्या पाहणीला येणार होत्या. त्यांना 'आभासी आदर्श गाव' दाखवून राज्याचा पुरस्कार आणि बढती मिळवायची, असं साहेबांनी ठरवलं होतं. टेबलावर माहितीपुस्तिकेचं छापील मुखपृष्ठ होतं. संकल्पना, निर्मिती व मांडणी : वा. रा. पिसाळ, प्राचार्य. खाली प्रमाणपत्र : 'सदर गाव ही संपूर्णपणे माझी एकट्याची निर्मिती असून कार्यालयातील अन्य कोणाचाही यात सहभाग नाही.' खाली सही. साहेबांची सही फार देखणी होती.

सगळे गेल्यावर मी मागं राहिलो. "साहेब, खाली कुठं बारीक अक्षरात माझं नाव..."

"टिळेकर, तुम्हाला नाव हवंय का बदली हवीय?"

मी मुखपृष्ठावरचं बोट उचललं.

"श्रीगोंद्याला मुख्य आरेखकाची जागा रिकामी आहे. बढतीची समिती पुढच्या महिन्यात बसतेय. तुमच्या गोपनीय अहवालात शेरा कोण लिहिणार?"

"आपण."

"मग? शेरा असा देतो की समितीनं तुम्हाला गाडी करून पोचवलं पाहिजे."

शनिवारी मी शैलाला हे सांगितलं. तिनं कणीक मळता मळता विचारलं, "म्हणजे दोन वर्षांचा खेळ देऊन टाकलात?"

"आणि त्याच्या बदल्यात घरी येतोय."

"या," ती म्हणाली. "खेळ काय, पुन्हा करता येईल." आणि त्याच संध्याकाळी तिनं माझ्यासाठी कपाटाचा एक कप्पा रिकामा केला. नऊ वर्षांत माझे कपडे पिशवीतच असायचे.

आठवड्यानं आस्थापनेच्या कोठावळेबाई माझ्या टेबलाशी आल्या. माणसांच्या नेमणुका, रजा, बढत्या या सगळ्यांचे कागद त्यांच्या ताब्यात. बाई कमी बोलायच्या आणि कागद जास्त बोलू द्यायच्या.

"भाऊसाहेब, पोच द्या."

गोपनीय अहवालातला प्रतिकूल शेरा कर्मचाऱ्याला लेखी कळवावा लागतो. तेवढा नियम साहेबांनी अगदी काटेकोर पाळला होता. शेरा दोन ओळींचा. 'संगणकज्ञान : शून्य. कार्यालयास उपयुक्तता : नगण्य.'

मी तीनदा वाचला. मग सगळं लख्ख कळलं. मला संगणक येत असेल, तर कोणीतरी कधीतरी विचारील की हा खेळ केला कोणी. मला संगणक येतच नाही असं सरकारी कागदावर आलं, की प्रश्नच मिटला.

"साहेब कारकून होते तेव्हापासून ओळखते मी यांना," कोठावळेबाई हळूच म्हणाल्या. "माझी आई शेवटच्या घटका मोजत होती तेव्हा माझ्या रजेच्या अर्जावर 'कामाच्या निकडीमुळे नामंजूर' लिहिलं होतं. निकड म्हणजे काय, तर यांच्या मुलीच्या साखरपुड्याच्या पत्रिका. पाचशे पाकिटांवर पत्ते मी लिहिले." त्यांनी पोचेचा कागद उचलला. "हा शेरा जपून ठेवा, भाऊसाहेब. हरवू नका."

शैलाला मी फोनवर एवढंच सांगितलं की जागा गेली. ती म्हणाली, "कप्पा तसाच ठेवते."

त्या दिवसापर्यंत मी भला माणूस होतो. म्हणजे तसा आजही आहे, विचारा कोणालाही.

पुढच्या सोमवारी साहेबांनी बोलावलं. "टिळेकर, गावात एक उणीव आहे. नेतृत्व नाही."

"म्हणजे, साहेब?"

"सरपंच हवा. मला टाका."

"आपल्याला?"

"मला म्हणजे माझ्यासारखा. सफारी, मिशी, चष्मा. नाव वामनराव. मॅडमच्या लक्षात आलं पाहिजे."

"आणि त्यानं काम काय करायचं?"

"माझी दिनचर्या आहे ना, ती जशीच्या तशी टाका. कमी नको, जास्त नको. मला खोटेपणा आवडत नाही."

वरिष्ठांची आज्ञा एवढ्या तंतोतंत मी नोकरीत दुसऱ्यांदा पाळलेली नाही. आठवडाभर मी वही घेऊन व्हरांड्यात बसलो. अकरा चाळीसला आगमन. सगळे उठून उभे राहतात. "काय चाललंय?" हा प्रश्न, उत्तरासाठी न थांबता. चहा. शेताकडे फेरी. अडीच ते चार डोळे मिटून चिंतन. पुन्हा "काय चाललंय?" निघताना भाजीची टोपली जीपमध्ये. एकही गोष्ट मी मनानं घातली नाही. नियम लिहिताना फक्त एक तपशील जसा घडतो तसा घेतला : साहेब जवळ आले की माणसं हातातलं काम टाकून उभी राहतात, आणि साहेब नजरेआड झाल्यावरच बसतात.

पाहणीच्या आदल्या दिवशी साहेब तपासायला आले. मी वामनरावांची सफारी दाखवली, मिशी दाखवली. मिशी दोनदा मोठी करून घेतली. मग गाव सुरू केलं. खेळात सकाळ होती, लोक कामाला लागले होते.

"मी कुठाय?"

"साहेब, आपण अजून आला नाहीत."

"बरोबर आहे," साहेब खूश होऊन म्हणाले. "साहेब लोक लवकर येत नसतात." आणि निघून गेले. कुठलीही गोष्ट शेवटपर्यंत न बघता मंजूर करायची त्यांची पद्धतच होती. त्या पद्धतीवर माझा पूर्ण विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं. सुखटणकर मॅडम पुढच्या रांगेत, मांडीवर डायरी. मला साहेबांनी गाव सुरू करून द्यायला आणि मग पडद्याशेजारी स्टुलावर बसून प्रोजेक्टरवर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. साहेबांनी वीस मिनिटं भाषण केलं. या गावासाठी आपण किती रात्री जागलो ते सांगितलं. मग पडद्यावर गाव आलं.

पहिली पाच मिनिटं मॅडमना फार आवडली. नांगर चालत होते, बायका पाणी ओढत होत्या, कुंपणवाला कुंपण ठोकत होता. फळ्यावर कामांचा आकडा भराभर चढत होता.

"छान," मॅडम म्हणाल्या. "आणि हे कोण?"

गावात अकरा चाळीस झाले होते. सफारीतले वामनराव घरातून बाहेर पडले होते.

"सरपंच," साहेब लाजत म्हणाले. "नेतृत्व."

नेतृत्व चौकात आलं. नांगर थांबले. घागरी खाली ठेवल्या गेल्या. सगळं गाव हात जोडून उभं राहिलं. वामनरावांच्या डोक्यावर अक्षरं उमटली : 'काय चाललंय?' काहीच चाललं नव्हतं. फळ्यावरचा आकडा जागीच थांबला. वामनराव शेताकडे गेले, भाजीची टोपली उचलली, आपल्या घरात नेऊन ठेवली, आणि झाडाखाली डोळे मिटून बसले. तरी पाचजण अजून उभेच होते, कारण वामनराव त्यांच्या नजरेआड झाले नव्हते.

मागच्या रांगेत कोणाला तरी ठसका लागला.

"ते काय करताहेत?" मॅडमनी विचारलं.

"चिंतन," साहेब म्हणाले.

"आणि टोपली?"

"नमुना... तपासणीसाठी नमुना."

मॅडमनी डायरीत काहीतरी लिहिलं. "प्राचार्य, यांना गावातून काढलं तर त्या फळ्यावर काय फरक पडेल? दाखवता का?"

साहेब संगणकापाशी आले. संगणकाच्या इतक्या जवळ ते कधी उभे राहिले नव्हते. त्यांनी एक बटण दाबलं. ते वेळ आठपट करायचं होतं. गावात दिवस उगवायला आणि मावळायला लागले. वामनराव बाहेर, सगळे उभे, 'काय चाललंय', टोपली, झाड. बाहेर, उभे, 'काय चाललंय', टोपली, झाड. गाव उठाबशा काढल्यासारखं वरखाली होत होतं आणि वामनरावांच्या दारात टोपल्यांचा ढीग छपराच्या वर चालला होता. ठसका आता सगळ्या सभागृहाला लागला होता.

साहेब माझ्या कानाशी वाकले. "टिळेकर, बंद करा! कुठलं बटण?"

मी स्टुलावरून उठलो, हात जोडले आणि सभागृहाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो, "मला संगणक येत नाही, साहेब. तसं आपण लेखी दिलंय."

मॅडमनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे, मग टेबलावरच्या मुखपृष्ठाकडे. "हे सगळं तुम्ही एकट्यानं केलंय ना, प्राचार्य?"

"हो," साहेब म्हणाले. दुसरं काय म्हणणार? खाली सही होती.

"मग यांना दमवू नका. तुम्हीच करा बंद."

शेवटी भागुजी आचारी जेवण तयार आहे सांगायला आला आणि जाता जाता त्यानं भिंतीवरचं मुख्य बटणच बंद केलं. पानावर भरली वांगी होती. मॅडमनी त्याला विचारलं, "ही तुमच्या शेतातली का?"

"न्हाई मॅडम, बाजारातली," भागुजी प्रामाणिकपणे म्हणाला. "शेतातली सायबांकडं जात्यात."

मॅडम गेल्यावर साहेबांनी मला आणि कोठावळेबाईंना आत घेतलं.

"तू मुद्दाम केलंस," साहेब माझ्यावर ओरडले. नऊ वर्षांत त्यांनी मला अरेतुरे केलं नव्हतं. मला जरा आपलेपणा वाटला. "निलंबित करतो तुला! बाई, दोषारोपपत्र काढा याच्यावर. संगणकीय कौशल्याचा दुरुपयोग करून वरिष्ठांची बदनामी!"

बाईंनी शांतपणे वही उघडली. "साहेब, एक अडचण आहे."

"कसली?"

"यांच्या अहवालात संगणकज्ञान शून्य असा आपला शेरा आहे. शून्य कौशल्याचा दुरुपयोग कसा होणार? चौकशी अधिकारी पहिल्याच दिवशी हसेल."

"मग तो शेरा काढा!"

"तसा आदेश लागेल, साहेब. आपल्या सहीचा."

"करा टाइप! आत्ताच्या आत्ता!"

बाईंनी टाइप केला. इतका सुंदर मजकूर मी सरकारी कागदावर पुन्हा वाचला नाही. 'श्री. टिळेकर यांना संगणकाचे अत्युत्तम ज्ञान असल्याचे निम्नस्वाक्षरीकाराच्या निदर्शनास आल्याने पूर्वीचा शेरा वगळण्यात येत आहे. त्यांची उपयुक्तता असाधारण आहे.' साहेबांनी न वाचता सही ठोकली. बाई कागद घेऊन बाहेर गेल्या आणि दहा मिनिटांनी परत आल्या.

"झालं, साहेब. एक प्रत बढती समितीला. जावक क्रमांक पडला, शिपाई टपाल घेऊन गेला."

"समितीला कशाला?"

"शेरा तिकडेच कळवला होता ना? वगळलेलाही तिकडेच कळवावा लागतो." त्यांनी वहीचं पुढचं पान काढलं. "आता दोषारोपपत्र. पहिलं कलम असं होईल की हा खेळ श्री. टिळेकर यांनी तयार केला. बरोबर?"

"अर्थात!"

"आणि मॅडम बरोबर घेऊन गेल्या त्या प्रमाणपत्रात आपण एकट्यानं तयार केला असं आहे. दोन्ही कागद मुंबईला एकाच टेबलावर जातील." बाईंनी पेनचं टोपण काढलं. "यातलं खोटं कुठलं ते आपण सांगा, मी टाइप करते."

साहेब खुर्चीत बसले. खिडकीतून शेत दिसत होतं, तिकडं बघत बसले. घड्याळात अडीच वाजत होते.

"चिंतनाची वेळ झाली," बाई बाहेर आल्यावर म्हणाल्या. त्या हसलेल्या मी तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या.

दोषारोपपत्र निघालं नाही. बढतीचा आदेश पाच आठवड्यांनी निघाला. श्रीगोंद्याला गेलो तेव्हा कप्पा रिकामाच होता, वर्तमानपत्रसुद्धा नवं अंथरलेलं. साहेबांच्या नावापुढं पुरस्कार लागला नाही, बढतीही लागली नाही. ते त्याच खुर्चीत निवृत्त झाले. केंद्रातले लोक म्हणे साहेब आले की उभे राहायचे, पण एकमेकांकडे बघायचे आणि खाली बसताना ठसकायचे.

इथं खरं तर गोष्ट संपायला हवी. माझीही तशीच समजूत होती.

गेल्या दिवाळीनंतर फोन आला. आवाज म्हातारा, पण मी ओळखला.

"टिळेकर, पिसाळ बोलतोय."

"बोला, साहेब." बोलताना मी खुर्चीतून उठलो होतो. सवय.

"बरे आहात ना? मी आता एकटाच असतो. इथं सोसायटीत कोणी कोणाला ओळखत नाही हो. लिफ्टमध्ये पोरं मोबाइलवर बघत असतात, सरकतसुद्धा नाहीत." मग हळूच विचारलं, "तो तुमचा खेळ... अजून आहे का?"

तुमचा, म्हणाले. चौदा वर्षांनी.

"आहे, साहेब."

"त्यात तो वामनराव... तो आला की लोक अजून उभे राहतात?"

"राहतात."

"मला एक प्रत मिळेल का? मी संगणक शिकलोय आता."

पाठवतो म्हणून मी फोन ठेवला. शैलानं शेजारी बसून सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "देऊन टाका की. म्हातारं माणूस. होता तसा द्या."

"देतोच आहे."

त्याच दुपारी बसलो. गाव होतं तसं ठेवलं. नांगर, विहीर, कुंपणवाला, फळा, सगळं. वामनरावांची मिशीसुद्धा तेवढीच. नियमांतली फक्त एक ओळ काढली, आणि पाठवून दिलं.

चार दिवसांनी पुन्हा फोन.

"टिळेकर, काहीतरी बिघडलंय हो. मी चौकात जातो. अगदी जवळ जाऊन उभा राहतो. 'काय चाललंय' विचारतो. एक माणूस मान वर करून बघत नाही."

शैला माझ्या तोंडाकडे बघत होती.

"कामात असतील, साहेब," मी म्हणालो.